आयुर्वेद आधी कोणी सांगितला? ब्रह्मदेव, भरद्वाज की धन्वंतरी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: धनत्रयोदशीला सांगितलं जातं की समुद्रमंथनातून धन्वंतरी वर आले आणि त्यांनी आयुर्वेद दिला. चरकसंहिता उघडली तर पहिल्याच अध्यायात वेगळं दिसतं. तिथे भरद्वाज ऋषी इंद्राकडून आयुर्वेद आणतात आणि त्या परंपरेत धन्वंतरींचं नावही नाही. मग खरं काय? आणि रोज रुग्ण तपासणारे वैद्य या कथा कशा वाचतात?

मी वैद्यकी करतो आणि विद्यार्थ्यांना संहिता, म्हणजे आयुर्वेदाचे मूळ ग्रंथ, शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी समोर येतो. आधी सरळ उत्तर देतो. या कथा एकमेकींशी जुळत नाहीत. त्या ओढूनताणून जुळवण्याचा उद्योग पुष्कळांनी केला आहे, पण त्यात पडायची गरज नाही. त्या कुठे जुळतात आणि कुठे फुटतात हे पाहिलं की बरंच काही आपोआप कळतं.

चरकापासून सुरुवात करू. पहिल्या अध्यायातला प्रसंग नीट वाचण्यासारखा आहे. रोगांनी माणसांच्या तप, उपवास, अध्ययन, ब्रह्मचर्य यांत विघ्न आणलं, म्हणून हिमालयाच्या पायथ्याशी ऋषी जमले. पन्नासेक नावांची यादीच दिली आहे: अंगिरा, जमदग्नी, वसिष्ठ, आत्रेय, नारद, च्यवन वगैरे. धर्म, अर्थ, काम, मोक्ष या सगळ्यांचं मूळ आरोग्य, आणि तेच रोग हिरावून नेताहेत, असं ते म्हणतात. ध्यान लावल्यावर त्यांना दिसतं की उपाय इंद्राला ठाऊक आहे. मग प्रश्न येतो, जायचं कोणी? भरद्वाज म्हणतात, या कामावर माझी नेमणूक करा. सगळ्या सभेत पहिला तोच बोलला, म्हणून तोच गेला. निवडीचं कारण एवढंच.

इंद्र त्याला काय शिकवतो? हेतू, लिंग, औषध: रोगाचं कारण, रोगाची लक्षणं आणि त्यावरचा उपाय. निरोग्यासाठी आणि आजाऱ्यासाठीही. शिष्याची बुद्धी मोठी आहे हे पाहून इंद्राने थोडक्या शब्दांत सांगितलं, असंही तिथे म्हटलं आहे. इंद्राला हे अश्विनीकुमारांनी, त्यांना दक्ष प्रजापतीने आणि दक्षाला ब्रह्मदेवाने शिकवलेलं. भरद्वाजांनी परत येऊन ऋषींना जसंच्या तसं सांगितलं. पुढे पुनर्वसु आत्रेयांनी भूतदयेपोटी सहा शिष्यांना शिकवलं: अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणी.

इथे एक वाक्य आहे, ते मी विद्यार्थ्यांना पाठच करायला लावतो. ग्रंथ सर्वांत आधी अग्निवेशाने लिहिला, कारण त्याची बुद्धी विशेष होती. गुरूच्या उपदेशात मात्र काही फरक नव्हता. सहाही जणांना शिकवणूक तीच मिळाली. मग सहाही जणांनी आपापले ग्रंथ लिहून ऋषींच्या सभेत वाचून दाखवले, आणि सभेने ते मान्य केल्यावर ते जगात रूढ झाले. देवांच्या कथेतसुद्धा ग्रंथाला आधी जाणत्यांच्या सभेपुढे उभं राहावं लागतं. आज आपण जिला चरकसंहिता म्हणतो ती या अग्निवेशाच्या ग्रंथावर चरकाने संस्कार करून आणि पुढे दृढबलाने चिकित्सास्थानाचे (‘स्थान’ म्हणजे ग्रंथाचा विभाग) सतरा अध्याय, कल्पस्थान आणि सिद्धिस्थान भरून पुरी केलेली आहे. हे ग्रंथ स्वतःच सांगतो, लपवत नाही. भेलाच्या ग्रंथाचं खंडित हस्तलिखित तंजावरला मिळालं. बाकीच्यांची वचनं टीकाकारांनी उद्धृत केली तेवढीच उरली आहेत.

आता गंमत बघा. याच चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाच्या (तारुण्य आणि बळ टिकवणाऱ्या औषधांच्या) अध्यायाच्या चौथ्या पादात, म्हणजे भागात, हीच कथा दुसऱ्या तऱ्हेने येते. तिथे ऋषी गावांत राहू लागले. गावचं खाणंपिणं, गावची राहणी. त्यामुळे ते जड झाले, मंद झाले, त्यांची नेहमीची कामंही होईनात. आपला दोष ओळखून ते पुन्हा हिमालयात गेले. भृगू, अंगिरा, अत्री, वसिष्ठ, कश्यप, अगस्त्य, पुलस्त्य, वामदेव, असित, गौतम अशी नावं आहेत. इंद्र त्यांना पाहून म्हणतो, तुम्हाला ग्लानी आली आहे, तेज गेलं आहे, स्वर आणि वर्ण बिघडला आहे, हे सगळं ग्रामवासामुळे झालं. आणि तो त्यांना स्वतः शिकवतो. भरद्वाज मध्ये नाहीतच! पहिल्या कथेत रोग बाहेरून कोसळलेलं संकट आहे, दुसऱ्या कथेत ते ऋषींच्या स्वतःच्या राहणीतून आले आहेत. माझं मत विचाराल तर दुसरी कथा वैद्यकाच्या जास्त जवळची आहे. इंद्र तिथे आधी निदान करतो, मग औषध सांगतो.

सुश्रुतसंहितेत वरची माणसं तीच: ब्रह्मदेव, प्रजापती, अश्विनीकुमार, इंद्र. खाली मात्र इंद्राकडून शिकतात धन्वंतरी, म्हणजे काशीचे राजे दिवोदास. ते आश्रमात बसलेले असताना औपधेनव, वैतरण, औरभ्र, पौष्कलावत, करवीर्य, गोपुररक्षित, सुश्रुत वगैरे शिष्य येतात आणि सांगतात की लोक व्याधींनी तळमळताना बघवत नाही, आम्हाला शिकवा. दिवोदास विचारतात, आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी, म्हणजे शाखांपैकी, कोणतं शिकवू? शिष्य म्हणतात, शल्य, म्हणजे शस्त्रक्रिया, मुळाशी धरून सगळं शिकवा. त्याच अध्यायात असंही येतं की ब्रह्मदेवाने आधी एक लाख श्लोकांचा, हजार अध्यायांचा आयुर्वेद रचला आणि नंतर माणसाचं आयुष्य आणि बुद्धी अल्प आहे हे पाहून त्याची आठ अंगं केली. मग शल्याचा मान पहिला का? देवासुरांच्या युद्धातल्या जखमा त्याने भरल्या म्हणून, आणि रुद्राने तोडलेलं यज्ञाचं डोकं अश्विनीकुमारांनी जोडलं म्हणून. शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या ग्रंथात शस्त्रक्रियेला पहिला मान मिळतो, यात आश्चर्य काय?

तिसरी परंपरा बालरोगांची, काश्यपसंहितेची. तिचं हस्तलिखित नेपाळात मिळालं आणि 1938 साली ते छापून आलं. तिची कथा मला सगळ्यांत आवडते. ऋचीकाचा मुलगा जीवक याने कश्यपांचं मोठं तंत्र, म्हणजे ग्रंथ, संक्षिप्त केलं. पण तो पाच वर्षांचा! पोराचं बोलणं म्हणून ऋषींनी ते मानलं नाही. तेव्हा त्याने कनखलला सगळ्यांच्या देखत गंगेच्या डोहात बुडी मारली आणि वर आला तो सुरकुतलेला, पांढऱ्या केसांचा होऊन. तेव्हा कुठे त्याला मान्यता मिळाली, आणि वृद्धजीवक हे नावही. बालरोगांच्या ग्रंथालाच पोराला म्हातारा व्हावं लागल्याची कथा जोडलेली असावी, हा योगायोग मला तरी वाटत नाही. ज्ञान पोराचं आहे की म्हाताऱ्याचं यावर तेव्हाही वाद होत होते, एवढं त्यातून नक्की दिसतं.

म्हणजे ब्रह्मदेवापासून इंद्रापर्यंतच्या चार पायऱ्या या सगळ्या ग्रंथांना सामाईक आहेत. फरक पडतो तो इंद्रानंतरच्या पायरीवर, जिथे विद्या देवाकडून माणसाकडे येते. त्या पायरीवर प्रत्येक परंपरा आपला गुरू बसवते. कायचिकित्सेवाल्यांचे, म्हणजे औषधाने उपचार करणाऱ्यांचे, भरद्वाज आणि आत्रेय, शल्यवाल्यांचे दिवोदास धन्वंतरी, बालरोगवाल्यांचे कश्यप. नंतरच्या काळातल्या वाग्भटाने तर अष्टांगहृदय या आपल्या ग्रंथात एका श्लोकात सगळं उरकलं: ब्रह्मदेवाने आयुर्वेद आठवून प्रजापतीला दिला, त्याने अश्विनींना, त्यांनी इंद्राला, त्याने अत्रिपुत्र वगैरे मुनींना. भरद्वाज गाळले! घराण्याची गायकी सांगताना गवय्या जसा आपल्या गुरूचं नाव घेऊन कानाला हात लावतो, तसं हे आहे. कोणत्या घराण्याचं आहे ते कळावं, म्हणून ही नावं घेतलेली आहेत.

ही घराणी खरोखर वेगळी होती आणि एकमेकांना मानतही होती, याचा पुरावा चरकातच सापडतो. गुल्माच्या, म्हणजे पोटातल्या गाठीच्या, चिकित्सेत, गुल्म पिकला की चरक स्वतः शस्त्र उचलत नाही. तिथे धान्वंतरीयांचा अधिकार, म्हणजे वेध, शोधन, रोपण यांत ज्यांचा हात बसलेला आहे अशा वैद्यांचा, असं तो सांगतो. रुग्ण दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवणं म्हणतात ते हेच. गर्भाचा कोणता अवयव आधी तयार होतो या चर्चेतही चरक धन्वंतरींचं मत नाव घेऊन देतो: सगळी अंगं एकाच वेळी. आणि आत्रेयांच्या चर्चासभांत कांकायन नावाचा बाह्लीक देशाचा, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खकडचा, वैद्य बसलेला दिसतो. वर स्वर्गात सगळं शिस्तीत चाललेलं असताना खाली जमिनीवर चांगलाच वाद रंगलेला होता.

समुद्रमंथनाचं काय, हे अजून राहिलं. मंथनातून वर येणारे धन्वंतरी महाभारतात, रामायणात, विष्णुपुराणात, भागवतात आहेत. सुश्रुतसंहितेत दिवोदास म्हणतात, मी आदिदेव धन्वंतरी, देवांची जरा, रोग आणि मृत्यू हरण करणारा, शल्यांग शिकवायला पुन्हा पृथ्वीवर आलो आहे. तिथे क्षीरसागर घुसळलेला नाही. हे दोन धागे हरिवंशात जोडलेले दिसतात. समुद्रातून आलेले धन्वंतरी विष्णूकडे यज्ञातला भाग मागतात. विष्णू सांगतात की वाटप आधीच झालं आहे, तू दुसऱ्या जन्मी काशीच्या राजाच्या पोटी येशील, आयुर्वेदाची आठ अंगं करशील आणि तेव्हा लोक तुला पुजतील. त्या जन्मी त्याला शिकवतो कोण? भरद्वाज! चरकाचा दूत पुराणकारांनी अलगद शल्याच्या घराण्यात आणून बसवला. दिवोदास पुढे याच वंशात येतो.

आपण पूजतो त्या मूर्तीच्या चार हातांत शंख, चक्र, अमृतघट आणि जळू असते. जळू बघून लोक दचकतात. पण सुश्रुताच्या सूत्रस्थानाचा तेरावा अध्याय पूर्ण जळवांवर आहे. बारा जाती, त्यांतल्या सहा विषारी, सहा निर्विष. घाणीत, कुजक्या पाण्यात होतात त्या टाळायच्या. कमळं असलेल्या स्वच्छ पाण्यातल्या घ्यायच्या. लावल्यावर ओल्या फडक्याने झाकायची. दंशाच्या जागी टोचू-खाजू लागलं की ती चांगलं रक्त पिऊ लागली असं समजून काढायची. मग तोंडाला तेल-मीठ चोळून शेपटीकडून तोंडाकडे हलकेच दाबत रक्त ओकवायचं. पाण्यात सोडल्यावर ती खाणं शोधत हिंडली तर नीट ओकली. बुडून निपचित पडली तर पुन्हा ओकवायची. ज्याने हे लिहिलं त्याने जळू हातात धरलेली होती. जळू लावताना ही शेवटची खूण मी आजही बघतो.

अश्विनीकुमारांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या परंपरेत प्रत्यक्ष उपचार करणारे देव तेच. ऋग्वेदात ते युद्धात पाय तुटलेल्या विश्पलेला लोखंडी पाय बसवतात, ऋज्राश्वाला दृष्टी देतात, च्यवनाला तरुण करतात. पण त्यांचा मान सरळ नव्हता. तैत्तिरीय संहितेत यज्ञाचं डोकं जोडण्याची कथा आहे, त्यात देव म्हणतात की हे दोघे माणसांत फिरणारे वैद्य, म्हणून अशुद्ध. डोकं जोडायच्या बदल्यात अश्विनींनी सोमाचा वाटा मागून घेतला आणि शुद्धी करून त्यांना तो मिळाला. तरीही ब्राह्मणाने वैद्यकी करू नये, असंच तिथे पुढे म्हटलं आहे. महाभारतात च्यवन आपल्या उपकारकर्त्यांना सोम द्यायला उभा राहतो आणि इंद्र अडवतो. तेव्हा च्यवन इंद्राचा वज्र उगारलेला हात जागच्या जागी थिजवतो. आता चरक उघडा. रसायनाच्या त्याच पादात अश्विनींच्या कामगिरीची यादी आहे: यज्ञाचं डोकं, पूषा या देवाचे पडलेले दात, भग या देवाचे डोळे, चंद्राचा राजयक्ष्मा (क्षय), आणि इंद्राचा थिजलेला हात त्यांनीच बरा केला! वैद्याला हिणवणाऱ्या इंद्रालाही वैद्यानेच बरं केलं, हे चरकाने तिथे मुद्दाम नोंदवलं असावं असं मला वाटतं. वैद्य देवांनाही पूज्य ठरले, मग माणसांनी त्यांना का पुजू नये, असा युक्तिवादही लगेच पुढे येतो. ज्यांना समाजात पूर्ण मान नव्हता त्यांचं हे म्हणणं आहे, हे लक्षात ठेवून ते वाचावं.

रोगांच्या उत्पत्तीच्या कथाही अशाच वाचाव्यात. चरकाच्या निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात दक्षाच्या यज्ञाचा विध्वंस येतो. माणसं दाही दिशांना पळाली. त्या धावण्या-पोहण्या-उड्या मारण्याने शरीर ढवळलं आणि गुल्म झाला. हवी, म्हणजे यज्ञात अर्पण करायचं अन्न, खाल्ल्याने प्रमेह (लघवीचे विकार) आणि कुष्ठ झाले. भय, त्रास, शोक यांनी उन्माद झाला. अशुद्ध गोष्टींच्या स्पर्शाने अपस्मार (फेफरं) झाला. ज्वर शंकराच्या कपाळातून आला आणि त्याच्या तापाने रक्तपित्त (शरीरातून रक्त वाहण्याचा विकार) झालं. अतिमैथुनाने चंद्राला राजयक्ष्मा जडला. ही कथा आहे हे मान्य, पण प्रत्येक रोगासमोर त्याचा हेतू लावलेला आहे. शरीराच्या हालचालींनी वात बिघडून गुल्म, तूप आणि जड हविष्यान्न खाऊन प्रमेह, तापाने रक्तपित्त. परीक्षेत प्रमेहाचे हेतू न आठवणाऱ्या मुलाला दक्षाचा यज्ञ मात्र आठवतो, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

काही कथा मात्र नुसत्या औषधाची थोरवी गाणाऱ्या आहेत. इंद्र अमृत पिताना थेंब पडून हिरडा झाला, राहूच्या कापलेल्या गळ्यातून सांडलेल्या थेंबांतून लसूण उगवला, आणि भावप्रकाश या नंतरच्या ग्रंथात तर खुद्द चरक म्हणजे गुप्तपणे पृथ्वी बघायला आलेला शेषनाग. या वाचाव्यात, आवडल्या तर मुलांना सांगाव्यात. यांतून चिकित्सा शिकायची नाही.

मग आयुर्वेद नक्की सुरू केव्हा झाला? याचं उत्तर चरकानेच सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात दिलं आहे, आणि ते फार थोडे लोक वाचतात. आयुर्वेद शाश्वत आहे, आधी नव्हता आणि मग उत्पन्न झाला असं कुठे दिसत नाही. काही जण उत्पत्ती म्हणतात ती फक्त अवबोध आणि उपदेश या दोन अर्थांनी, म्हणजे कोणाला तरी तो उमगला आणि कोणी तरी तो शिकवला म्हणून. अग्नी उष्ण आहे आणि पाणी द्रव आहे हे कोणी केलेलं नाही, असा दाखलाही तिथे आहे. पदार्थांचे गुणधर्म आणि शरीराचं वागणं आधीपासून होतंच. म्हणून ‘अमुक हजार वर्षांपूर्वी ब्रह्मदेवांनी सांगितलेलं औषध’ असं डबीवर छापणाऱ्याला चरकाचाच आधार मिळत नाही. संहितेत एखादं वचन प्रमाण मानायचं तर आप्तोपदेशाबरोबर (जाणत्यांच्या शब्दाबरोबर) प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्तीही (अनेक कारणं जुळवून काढलेला निष्कर्ष) सांगितली आहे.

वाग्भट याहून रोखठोक आहे. अष्टांगहृदयाच्या शेवटी तो म्हणतो, वाताला तेल, पित्ताला तूप, कफाला मध हितकर. हे ब्रह्मदेव म्हणो की त्याचा पुत्र, बोलणाऱ्याने काय फरक पडतो? पुढे तो चिमटाही काढतो: ऋषींनीच लिहिलेलं हवं असेल तर चरक-सुश्रुत सोडून भेल वगैरे का वाचत नाही? त्यांचे ग्रंथ मागे पडले, चरक-सुश्रुत टिकले, ते चांगलं लिहिल्यामुळे. तेव्हा चांगलं सांगितलेलं घ्यावं. हा माणूस ग्रंथाच्या सुरुवातीला ब्रह्मदेवापासूनची परंपरा भक्तीने सांगतो आणि शेवटी हे लिहितो. दोन्ही एकाच मनात मावत होतं.

आणखी एक जागा दाखवतो. चरकाच्या ज्या पहिल्या अध्यायात ब्रह्मदेव, दक्ष, अश्विनी आणि इंद्र येतात, त्याच अध्यायाच्या शेवटाकडे लिहिलं आहे की वनस्पती नावाने आणि रूपाने ओळखणारे म्हणजे रानातले शेळ्या राखणारे, मेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी. नुसत्या नावा-रूपाच्या ओळखीने औषधाचा योग कळत नाही, हेही लगेच पुढे आहे. बौद्ध परंपरेतही वैद्य जीवक (हा वृद्धजीवकाहून वेगळा) तक्षशिलेला शिकतो आणि गुरू त्याला आसपासच्या योजनभर मुलखातून औषध नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगतात. तो रिकाम्या हाताने परततो आणि तिथेच त्याचं शिक्षण पुरं होतं. त्या कथेत ब्रह्मदेव नाही, इंद्र नाही. माणूस आणि त्याने पायाखाली घातलेलं रान आहे.

स्वतः वाचायचं असेल तर क्रम असा ठेवा: चरक सूत्रस्थान पहिला अध्याय, लगेच चिकित्सास्थानातला रसायनाचा चौथा पाद, मग सुश्रुत सूत्रस्थान पहिला आणि तेरावा, त्यानंतर चरक निदान आठवा आणि सूत्रस्थान तिसावा. पुराणं शेवटी. मूळ श्लोकांसह मराठी अर्थ असलेली प्रत घ्या आणि गोषवाऱ्याच्या पुस्तकांपासून सुरुवात करू नका, कारण त्यांत हीच तफावत गुळगुळीत करून टाकलेली असते.